‘उद्याच पोट उघडतो’ म्हणणारा सर्जन मिळालाय, भावाला हलवू का?

एका वाचक भगिनीचा ४१ वर्षांचा भाऊ एकोणीस दिवसांपासून आयसीयूत आहे. पित्ताशयातला खडा नळीत अडकल्यामुळे त्याच्या स्वादुपिंडाला तीव्र सूज आली. पहिल्या आठवड्यात व्हेंटिलेटर लावावा लागला, तो बाराव्या दिवशी निघाला. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाचा साधारण ४० टक्के भाग मृत झालेला दिसला. सोळाव्या दिवसापासून पुन्हा ताप आहे आणि नव्या स्कॅनमध्ये पोटात जमलेल्या द्रवाच्या साठ्यात हवेचे बुडबुडे दिसले आहेत. डॉक्टर म्हणतात, आधी अँटिबायोटिक्स, गरज पडली तर कुशीतून नळी, आणि ऑपरेशन जितकं पुढे ढकलता येईल तितकं बरं. काका संतापले आहेत: ‘पोटात कुजतंय आणि हे वाट बघत बसलेत.’ त्यांनी दुसऱ्या शहरातल्या ओळखीच्या सर्जनला फोन लावला. ते म्हणाले, ‘घेऊन या, उद्याच पोट उघडून साफ करू.’ वहिनी बोलण्याच्या अवस्थेत नाहीत, सही करायची वेळ या बहिणीवर आली आहे. त्या विचारतात, ‘थांबले आणि काही झालं तर? हलवलं आणि काही झालं तर?’

ताई,

तुमचं पत्र काल रात्री मिळालं. आयसीयूतली परिस्थिती तासातासाला पालटते, म्हणून हे वाचेपर्यंत काही बदललेलंही असेल. भावाला रोज तपासणाऱ्या डॉक्टरांच्या जागी आम्ही नाही. पण ते जे सांगत आहेत त्यामागचं कारण तुम्हाला कुणी शांतपणे बसून समजावलेलं दिसत नाही, आणि सही करणाऱ्या माणसाला ते कळायलाच हवं.

आधी काकांबद्दल. त्यांचा राग चुकीचा नाही, फक्त तो दुसऱ्या आजारांवरून आलेला आहे. अपेंडिक्स फुटलं, आतड्याला भोक पडलं, तर बहुधा काही तासांत पोट उघडावं लागतं. तिथे उशीर म्हणजे जीव जाणं. त्यामुळे ‘आत पू आहे’ म्हटलं की ‘मग काढा ना’ हेच तोंडून निघतं. स्वादुपिंड मात्र या नियमात बसत नाही. आपल्या आजी-आज्यांना गळवाबद्दल जे ठाऊक होतं ते इथे जास्त लागू पडतं: कच्चं गळू फोडू नये.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला चिकटून आडवं पडलेलं असतं. अन्न पचवणारे जे रस ते बनवतं, तेच या आजारात त्याच्याच पेशींवर उलटतात. काही भाग मरतो, आजूबाजूची चरबीही मरते, द्रव साठतो. पहिले दोन-तीन आठवडे हा मेलेला भाग जिवंत भागापासून वेगळा झालेला नसतो. दोन्ही एकमेकांत गुंतलेले, सुजलेले आणि रक्ताने भरलेले असतात. त्या अवस्थेत पोट उघडलं तर सर्जनला मेलेलं आणि जिवंत वेगळं करता येत नाही. ओढायला जावं तर रक्ताचा लोट लागतो. जास्त काढलं तर चांगलं स्वादुपिंडही जातं आणि पुढे मधुमेह मागे लागतो. कमी काढलं तर दोन दिवसांनी पुन्हा पोट उघडावं लागतं. साधारण चार आठवड्यांनी शरीर या सगळ्याभोवती जाडसर भिंत बांधतं. आतला मेलेला भाग सुटा होतो, मऊ पडतो. तेव्हा तो काढणं तुलनेने सोपं असतं. तुमचे डॉक्टर ज्याची वाट बघत आहेत ती ही भिंत आहे.

एकेकाळी सर्जन खरोखरच लवकर पोट उघडत असत. १९९७ साली मेक्सिकोतल्या सर्जनांनी एक अभ्यास छापला. काही रुग्णांचं ऑपरेशन पहिल्या दोन-तीन दिवसांत केलं, काहींचं किमान बारा दिवस थांबून. लवकर केलेल्यांत ५८ टक्के दगावले, थांबलेल्यांत २७ टक्के. रुग्ण थोडे होते, पण फरक पाहून अभ्यास मध्येच थांबवला गेला. ‘थांबा’ हा सल्ला असा, जीव गमावून शिकलेला आहे.

आता तुमच्या पत्रातलं दुसरं गृहीतक. तुम्ही दोनच वाटा मांडल्यात: ऑपरेशन किंवा वाट पाहणं. प्रत्यक्षात मध्ये तीन-चार पायऱ्या आहेत, आणि निम्मेअधिक रुग्ण शेवटच्या पायरीपर्यंत जातच नाहीत.

बुडबुड्यांचा अर्थ साठ्यात जंतू शिरले आहेत. मेलेल्या भागापर्यंत पोहोचणारी अँटिबायोटिक्स, बहुतेक वेळा मेरोपेनेमच्या जातीची, ही पहिली पायरी. तेवढ्यानेही काही जण बरे होतात, हे काकांना खरं वाटणार नाही. नेदरलँड्समध्ये १०४ रुग्णांवर झालेला, २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमका तुमच्याच प्रश्नावर होता: जंतुसंसर्ग कळताच नळी टाकायची, की अँटिबायोटिक्स देऊन भिंत तयार होईपर्यंत थांबायचं? लगेच नळी टाकून गुंतागुंत कमी झाली नाही. आणि थांबवलेल्या गटातल्या ३९ टक्के रुग्णांना नळीसुद्धा लागली नाही.

ताप हटत नसेल, रक्तदाब किंवा श्वास बिघडत असेल, तर दुसरी पायरी. सीटी किंवा सोनोग्राफीत बघत डाव्या कुशीतून, पाठीच्या बाजूने, साठ्यात नळी सरकवतात. तिची जाडी साधारण ४ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असते, आणि भूल फक्त त्या जागेपुरती लागते. डावी कूसच का, तर तिथून आतडी आणि पोटाची पोकळी टाळता येते, आणि पुढे ऑपरेशन लागलंच तर त्याच वाटेने आत जाता येतं. ही नळी ‘टाकली आणि झालं’ अशी नसते. मेलेला भाग ओल्या चिंध्यांसारखा असतो, तो नळी तुंबवतो. म्हणून ती दिवसातून तीन-चार वेळा सलाईनने धुवावी लागते. तीन दिवसांत फरक पडला नाही तर जागा बदलून किंवा जाडी वाढवून दुसरी टाकतात. अनेक ठिकाणी इथेच गाडी अडते. नळी आहे पण ती धुतली जात नाही, आणि मग ‘नळीने काही झालं नाही’ म्हणून रुग्णाला थेट ऑपरेशनला नेतात. रोज किती मिली सोडले आणि किती मिली परत आले, हे विचारत जा.

साठा जठराला चिकटलेला असेल तर वेगळा मार्गही असतो. तोंडातून एन्डोस्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची लवचिक नळी, घालून, जठराच्या भिंतीला भोक पाडून साठा आतल्या आतच जठरात रिकामा करतात. तिथे स्टेंट, म्हणजे ती वाट उघडी ठेवणारी छोटी नळी, बसवतात आणि गरज पडल्यास त्याच वाटेने मेलेले तुकडे ओढून काढतात. जीव वाचण्याच्या प्रमाणात हा मार्ग आणि कुशीचा मार्ग सारखेच ठरले आहेत. पण स्वादुपिंडाचा रस त्वचेतून बाहेर गळत राहण्याचा त्रास एन्डोस्कोपीत बराच कमी होतो: २०१८ च्या डच अभ्यासात ५ टक्के विरुद्ध ३२ टक्के. भिंत पिकलेली असेल तरच हे सुरक्षित असतं. इथेही पुन्हा तेच चार आठवडे.

या सगळ्यानंतर ऑपरेशन. तेही आता बहुधा कुशीत ५ सेंटिमीटरचा छेद घेऊन, नळीच्या वाटेने दुर्बीण घालून केलं जातं. पोट मधोमध उघडणं ही सगळ्यात शेवटची पायरी. ही पायऱ्यापायऱ्यांची पद्धत आणि थेट पोट उघडणं यांची तुलना करणारा डच अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ८८ रुग्ण होते. मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत थेट पोट उघडलेल्यांपैकी ६९ टक्क्यांना झाली, पायऱ्यांनी गेलेल्यांपैकी ४० टक्क्यांना. एकाहून अधिक अवयव नव्याने निकामी होण्याचं प्रमाण ४० टक्के विरुद्ध १२ टक्के. नव्याने मधुमेह ३८ विरुद्ध १६, टाक्यांच्या जागी हर्निया २४ विरुद्ध ७. पायऱ्यांच्या गटातले ३५ टक्के रुग्ण फक्त नळीवर बरे झाले. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: निव्वळ मृत्यूचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं होतं, १६ आणि १९ टक्के. म्हणजे थांबलं की माणूस वाचतोच, असं कुणी म्हणू नये. पण जो वाचतो त्याचं पुढचं आयुष्य किती धड राहतं, यात फार मोठा फरक पडतो.

मग तातडीचं ऑपरेशन कधीच नसतं का? असतं, आणि ते प्रसंग तुम्हाला ठाऊक असायला हवेत, म्हणजे उद्या डॉक्टरच धावत येऊन ‘आत्ता नेतोय’ म्हणाले तर तुम्ही अडून बसणार नाही. आतड्याला भोक पडलं किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटून ते काळं पडलं, तर. सूज इतकी वाढली की पोटातला दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या वर राहतो आणि त्यापायी लघवी किंवा श्वास बंद पडू लागतो, आणि नळीने द्रव काढून, औषधांनीही तो उतरत नाही, तर. हा दाब लघवीच्या नळीतून मोजता येतो. पोट टणक फुगलं असेल तर ‘दाब मोजला का?’ हा प्रश्न योग्य आहे.

तिसरा प्रसंग रक्तस्रावाचा, आणि घरच्यांनी सगळ्यात जास्त लक्ष ठेवावं असा. साठ्यातला रस शेजारच्या रक्तवाहिनीची भिंत खातो, तिथे फुगा होतो, आणि तो फुटतो. पुष्कळदा मोठ्या रक्तस्रावाआधी काही तास किंवा एखादा दिवस छोटीशी सूचना मिळते: नळीत थोडं ताजं लाल रक्त, काळी शी, किंवा रक्ताची उलटी. आपोआप थांबलं म्हणून ते सोडून देऊ नका, त्याच मिनिटाला नर्सला दाखवा. अशा वेळी पहिला उपाय पोट उघडणं नसतो. मांडीच्या किंवा हाताच्या रक्तवाहिनीतून तार घालून ती फुटलेली वाहिनी आतून बंद करतात. ते जमलं नाही तरच चाकू.

तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. भाऊ व्हेंटिलेटरवरून निघालाय, हीसुद्धा लहान गोष्ट नाही. या आजारात नुसता जंतुसंसर्ग आणि जंतुसंसर्गासोबत अवयव निकामी होणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अवयव चालू असतील तर संसर्ग झालेल्यांपैकी साधारण दहातला एक दगावतो. दोन्ही एकत्र आले तर धोका त्याच्या तिपटी-चौपटीवर जातो. म्हणून रोज डॉक्टरांना ‘कसा आहे?’ विचारण्याऐवजी तीन अवयवांचं विचारा. ऑक्सिजन किती लागतोय, कालच्यापेक्षा जास्त की कमी? रक्तदाब औषधाशिवाय टिकतोय का? लघवी तासाला किती होते, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा रक्तातला आकडा) किती? ७० किलोच्या माणसाला तासाला ३५ मिलीच्या खाली लघवी सतत जाऊ लागली तर काळजीचं. लायपेज-अमायलेजचे, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसांचे रक्तातले, आकडे मात्र रोज विचारू नका. ती तपासणी निदानापुरती असते, तो आकडा उतरला म्हणून आजार उतरला असं नाही.

थांबणं आणि दुर्लक्ष करणं बाहेरून सारखंच दिसतं. काकांची खरी भीती ही आहे आणि ती रास्त आहे. ओळखायचं कसं? थांबणाऱ्याकडे योजना असते. तुमच्या डॉक्टरांना विचारा: काय झालं तर तुम्ही आजच नळी टाकाल? पुढचा स्कॅन कधी, किंवा कशावरून ठरवणार? अँटिबायोटिक कल्चरच्या (नेमका जंतू ओळखणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टनुसार आहे का, बुरशीचा संसर्ग तपासला का? नाकातल्या नळीतून अन्न सुरू आहे का? या शेवटच्या प्रश्नावर जरा थांबते. आपल्याकडे अजून ‘पोटाला विश्रांती’ म्हणून उपाशी ठेवण्याचा आग्रह होतो. उपाशी आतड्याची भिंत कमकुवत होते आणि तिथले जंतू साठ्यापर्यंत पोहोचायला वाव मिळतो. नळीतून अन्न हे इथे औषधच आहे. मात्र घरून नारळपाणी किंवा पेज नेऊन परस्पर पाजू नका. नुकताच व्हेंटिलेटरवरून निघालेल्या माणसाला ते ठसक्यातून फुप्फुसात जाऊ शकतं.

या प्रश्नांना नीट उत्तरं मिळाली तर तुमचे डॉक्टर वाट बघत ‘बसलेले’ नाहीत. उत्तरं मिळाली नाहीत, किंवा तिथे हे करणारी माणसंच नसली, तर हलवण्याचा विचार जरूर करा. पण मग हलवण्याचं कारण बदला. लवकर चाकू लावायला कोण तयार आहे, हे बघू नका. तीन गोष्टी एका छताखाली कुठे आहेत ते बघा: सीटीत बघून नळी टाकणारा आणि रात्री दोन वाजताही रक्तवाहिनी बंद करू शकणारा रेडिओलॉजिस्ट, एन्डोस्कोपीतल्या सोनोग्राफीने साठा रिकामा करणारा पोटविकारतज्ज्ञ, आणि स्वादुपिंडाची ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन. काकांच्या ओळखीच्या सर्जनना फोन करून सरळ विचारा की वर्षाला मृत स्वादुपिंडाचे किती रुग्ण तुमच्याकडे येतात, त्यांपैकी किती जणांचं चार आठवड्यांच्या आत पोट उघडता, आणि रात्री रक्तस्राव झाला तर रेडिओलॉजिस्ट आहे का. स्कॅनची सीडी त्यांना पाठवा. सीडी न बघता फोनवर ‘आणा, उघडतो’ म्हणणं या आजारात आम्हाला पटत नाही. हलवायचंच ठरलं तर रक्तदाब आणि ऑक्सिजन स्थिर असताना, व्हेंटिलेटर असलेल्या अँब्युलन्समधून, सोबत डॉक्टर असताना, आणि पलीकडे बेड पक्का झाल्यावरच.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण आयसीयूतले एकोणीस दिवस म्हणजे काय ते आम्हाला कळतं. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आजच भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. महाराष्ट्रातल्या धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. त्यासाठी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे अर्ज करायचा असतो. मुक्काम आठवड्यांचा आणि प्रसंगी महिन्यांचा असतो, तेव्हा दागिने मोडण्याआधी या दोन दारांवर जा.

आता एक गोष्ट, जी तुमचं पत्र वाचताना मला सतत टोचत राहिली. त्यात काका काय म्हणतात ते आहे, डॉक्टर काय म्हणतात ते आहे, वहिनींची अवस्था आहे, तुमची भीती आहे. भाऊ काय म्हणतो, हे कुठेच नाही. व्हेंटिलेटर निघून आठवडा झाला. तो बोलत असेल, समजून उत्तर देत असेल, तर संमती देण्याचा हक्क त्याचा आहे, सही त्याची हवी. आयसीयूत काही रुग्णांना भ्रम होतो, रात्री जास्त, म्हणून सकाळच्या वेळी डॉक्टरांसमोर त्याच्याशी बोला. ‘तुला टेन्शन नको’ म्हणून त्याला वगळू नका. तो पडून छताकडे बघत स्वतःच्या मनाने याहून भयंकर अंदाज बांधत असतो. आणि तो बोलू शकत नसेल, तरीही तुम्ही सही करता ती ‘मला जोखीम समजली’ याची असते. बरं-वाईट जे होईल त्याची जबाबदारी ती सही तुमच्यावर टाकत नाही.

लोक दारूचं कुजबुजत असतील तर त्यांनाही एका वाक्यात सांगून टाका: पित्ताचे खडे हे या आजाराचं सगळ्यात मोठ्या दोन कारणांपैकी एक आहे, आणि ते थेंबही न घेणाऱ्याला होतात.

तो घरी आला की काम संपत नाही. ज्यांना हे पुढे लागणार आहे त्यांच्यासाठीही लिहून ठेवते. कुशीत नळी असताना घरी सोडलं तर रोज किती मिली आलं ते वहीत लिहा. ते अचानक बंद झालं आणि ताप आला, किंवा लाल झालं, तर थेट रुग्णालय. जठरात धातूचा स्टेंट बसवला असेल तर तो साधारण चार आठवड्यांत काढावा लागतो, कारण जास्त राहिला तर रक्तवाहिनीला घासतो. बरं वाटायला लागलं की लोक ही तारीख विसरतात. ती कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. शी चिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी होऊ लागली, खाऊनही वजन उतरत राहिलं, तर स्वादुपिंडाचे रस कमी पडतायत. त्यावर एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात, मुख्य जेवणाला बहुधा ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज लागतं. त्या पहिल्या घासापासून जेवणाबरोबरच घ्यायच्या, उपाशीपोटी घेतल्या तर वाया जातात. साखर सुरुवातीला दर तीन महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी तपासा, मधुमेह दोन-तीन वर्षांनीही उगवतो. प्लीहा काढावी लागली असेल तर न्यूमोकॉकसची (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धची) आणि इतर लसी घ्यायच्या, त्या विचारून घ्या.

आणि खडे अजून पित्ताशयात आहेत, हे विसरू नका. सौम्य आजारात पित्ताशय त्याच मुक्कामात काढतात. इतक्या गंभीर आजारात साठा आटेपर्यंत, निदान सहा आठवडे, थांबावं लागतं. त्या थांबण्याला मात्र शेवटची तारीख हवी. डिस्चार्जच्या कागदावर ती लिहून घ्या.

उद्या डॉक्टरांना भेटायला जाताना काकांना बाहेर ठेवू नका, आत घेऊन जा. स्कॅन पडद्यावर लावायला सांगा आणि भिंत कुठे तयार होतेय ते त्यांना बोटाने दाखवायला लावा. घरातून रोज एकच माणूस डॉक्टरांशी बोलेल असं ठरवून, तो मान काकांनाच द्या. एवढ्या पळापळीनंतर हातात प्रश्नांची वही आली की त्यांच्या जिवालाही करायला काम मिळेल, आणि तुम्हाला रात्री चार तास झोपता येईल.